एकतीस नंबरचं रक्त

बांडुंग, मंगळवार

प्रिय इमास,

हे पत्र परत पाठवायचं असेल तर पाठव, पण या वेळी आधी उघड. मागची दोन पत्रं मांग उजांगने जशीच्या तशी आणून माझ्या हातात दिली. आईचा सख्खा भाऊ, पण आपल्या दोघींमध्ये तो आता टपालवाल्यासारखा वागतो. भाजीचा टेम्पो बाहेर लावतो, पाकीट देतो, साखर न घालता चहा पितो आणि जातो. गेल्या गुरुवारी मात्र बोलला. म्हणाला, "ताईला जाऊन हजार दिवस होतील, त्या जेवणाला तेवीस दिवस राहिले. इमास म्हणते, एती आली तर मी घरात थांबणार नाही. तुम्हीच काय ते ठरवा आणि मला सांगा, भात किती जणांचा लावायचा." मी यावं की नाही हे तू ठरवायचं, मला ते मान्य आहे. फक्त ठरवण्याआधी एक गोष्ट ऐक. ती काल सकाळी दहा वाजता घडली, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल दोनदा जेवले. एकदा जेवल्याचं विसरून.

धाकट्या बहिणीच्या हक्काने तू एकदा विचारलं होतंस, "तेतेह, तू दिवसभर त्या प्रयोगशाळेत करतेस तरी काय?" आईला उन्हात बसवून तू तिच्या पायांना तेल लावत होतीस. मी म्हटलं होतं, तुला नाही कळायचं. खरं म्हणजे मला सांगता येत नव्हतं. आता येतं असं वाटतं. क्षयाचा जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. तिथे आपल्या शरीराच्या भक्षक पेशी राखणीला असतात आणि त्यांना एकच काम ठाऊक असतं, दिसेल त्या जंतूला गिळायचं. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो. मग त्या पिशवीत आम्ल येतं आणि जंतू विरघळतो. बहुतेकांचं असंच होतं. हा मात्र विरघळत नाही. पिशवीत बसल्या बसल्या तो स्वतःची प्रथिनं बाहेर सोडतो, भिंतीपलीकडे, पेशीच्या गाभ्यात, आणि त्यातलं एकेक प्रथिन आपल्या एकेका प्रथिनाला जाऊन धरतं. माझ्या शेजारच्या टेबलावर दादान नावाचा गारुतकडचा माणूस काम करतो, मला तुझ्यासारखंच तेह म्हणतो. नव्या माणसाला तो हे असं समजावतो: "पाहुणा आला, त्याला बसवलं, आणि यानं काय केलं, तर स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. आत चूल पेटलीय, तेल कढतंय, बाई ओरडतेय. पण दार उघडत नाही." त्यामुळे ज्या प्रथिनामागे आम्ही सहा वर्षं आहोत, त्याला लांबलचक नाव असूनही प्रयोगशाळेत सगळे कडीच म्हणतात.

ती कडी कुठल्या कोयंड्यात बसते, हा आमचा प्रश्न होता. शोधायची रीत तुला लगेच कळेल, मागच्या तळ्यावर तू माझ्यापेक्षा जास्त मासे धरले आहेस. कडी बारीक मण्यांवर चिकटवायची. माणसाच्या पेशी फोडून त्यांचा रस करायचा. त्यात मणी सोडायचे, तासाभराने काढायचे, धुवायचे आणि त्यांना कोण लटकून आलं ते बघायचं. तीन वर्षं नुसता गाळ वर आला. चौथ्या वर्षी एक प्रथिन आलं, पुन्हा आलं, दहादा आलं. पिशवीत आम्ल सोडणाऱ्या यंत्राचाच तो एक भाग निघाला. कडी त्याला धरून बसली की आम्ल येत नाही. कोयंडा सापडला त्या दिवशी मी तुला फोन लावला होता. तू उचलला नाहीस. बरोबरच केलंस, म्हणा.

मग खऱ्या माणसांच्या पेशी बघायच्या होत्या. ज्यांच्या घरात क्षयाचा रुग्ण आहे किंवा होता, अशा लोकांनी रक्त दिलं. नाव आरोग्य केंद्रात राहतं, आमच्याकडे फक्त नंबर येतो आणि एक कागद. चाळीस माणसं. एकोणचाळीस जणांच्या पेशींत कडी कोयंड्यात बसली आणि जंतू दुसऱ्या दिवशी मजेत होते. एकतीस नंबरचा नमुना तेवढा बिघडायचा. मणी कोरडे वर यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेशीत जंतूच सापडायचे नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी वहीत लिहिलं, जंतू आत शिरलेच नसावेत, नमुना बाद. आणि रेघ मारली. पुन्हा रक्त आलं, पुन्हा तेच. पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा मी दादानला म्हटलं, तुझा हात जड आहे, पेशी मरतात तुझ्याकडून. तो म्हणाला, "तेह, एकोणचाळीस जणांना माझा हात हलका, आणि या एकट्याला जड? काय जुनं वैर आहे का माझं?" मी हसले नाही. तिसरी रेघ मारली.

आमच्या प्रमुख बू तिउर. बातक लोकांतल्या, मेदानकडच्या. आपल्याकडे माणसाला नाही म्हणायला अर्धा तास लागतो, बू तिउर नाहीपासून सुरुवात करतात. दोन महिन्यांपूर्वी त्या माझी वही चाळत होत्या. चष्मा कपाळावर, हातात शेंगदाणे. म्हणाल्या, "हे तीन बाद कोण?" मी म्हटलं, तिन्ही एकच आहेत बू, एकतीस, तीनदा बिघडला. "एकदा बिघडला तर नमुना वाईट. तीनदा अगदी तसाच बिघडला तर वाईट आपण." मग माझ्या ओळीवर बोट ठेवून, "जंतू आत शिरले नसावेत. हे तू बघितलंस, का ठरवलंस?" मी वही माझ्याकडे ओढायला गेले. "अगं विचारतेय. बघितलंस का ठरवलंस?" म्हटलं, ठरवलं. "कशावरून?" दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते यावरून, मी म्हटलं. त्या शेंगदाणे चघळत राहिल्या. "म्हणजे सकाळी घरात चोर दिसला नाही, तर चोर आलाच नव्हता. आमच्या मेदानला घरोघर कुत्री असतात, आलेल्या चोराला रातोरात हाकलतात. तुम्ही लोक पाळत नाही, म्हणून हे तुमच्या डोक्यात येत नाही." दादान पाठ करून हसत होता. त्याचे खांदे हलत होते. मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. बघितलंस का ठरवलंस, एवढंच कानात राहिलं. ते का राहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकतीस नंबरने चौथ्यांदा रक्त दिलं. कोण आहे ते मला ठाऊक नाही, पण माणूस सोशिक आहे. या वेळी आम्ही लाल चमकणारे जंतू वापरले आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दोन तासांनी पेशी बघितल्या. तीन दारांच्या आतली ती खोली, नाका-तोंडावर जाड मुखवटा, दोन-दोन हातमोजे. भिंगाला डोळा लावला आणि मी दादानला काहीतरी बोलले. मुखवट्यातून त्याला ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ढकलून भिंगापाशी बसवलं. जंतू आत होते, इमास. पिशवीत, अगदी मधोमध. शेजारी ठेवलेल्या बाकीच्यांच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. पाच तासांनी लाल रंग फिकट झाला. दुसऱ्या सकाळी नुसती धूळ. जंतू आले होते, राहायला बसले होते, आणि या पेशींनी त्यांना विरघळवून टाकलं होतं. तीन वेळा हेच आमच्यासमोर झालं होतं आणि तीन वेळा मी त्यावर रेघ मारली होती.

मग कोयंडा वाचून काढला. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, या साखळीत चारशेच्या वर दुवे आहेत. एकतीस नंबरच्या साखळीत एक दुवा निराळा निघाला. एकच. बाकी सगळं आपल्यासारखं. आम्ल येतं, यंत्र चालतं, पण कडी टेकते तिथे तो एक दुवा आडवा येतो आणि ती घसरते. असं आम्हाला वाटलं. पण वाटून भागत नाही. म्हणून आम्ही तो निराळा कोयंडा बनवला आणि ज्यांच्यात जंतू हमखास मुक्काम करतात अशा तीन जणांच्या पेशींत घातला. रविवारी जंतू दिले, काल सकाळी दहाला मोजायला बसलो. दादान मोजतो, मी लिहिते, अशी आमची वाटणी. तो मोठ्याने मोजतो, बाजारात आंबे मोजतात तसा. काल पहिल्या काचेवर आकडा कमी आला. दुसरीवर त्याहून कमी. तिसऱ्या काचेवर तो बोलेना. मी म्हटलं, मोज की. तो म्हणाला, "तेह, मोजायला काही उरलंच नाहीये."

बू तिउरना बोलावलं. त्यांनी तिन्ही काचा बघितल्या, मग पहिली परत बघितली. बाहेर गेल्या आणि नळाखाली तोंड धुतलं, चष्म्यासकट. मग समोरच्या टपरीवरून तळलेली केळी मागवली आणि सातच्या सात स्वतः खाल्ली. आम्ही दोघं बघत उभे. शेवटचं केळ संपवून म्हणाल्या, "छान. आता सगळं परत करा. दोनदा." दादान म्हणतो, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून छान हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला. औषध अजून लांब आहे, ते माझ्या हयातीत होईल की नाही कोण जाणे. चाळिसातला एक माणूस म्हणजे एक माणूसच. पण कडी निसटते, इमास. ती निसटू शकते. सहा वर्षं मी धरूनच चालले होते की ती निसटत नाही.

दुपारी सगळं आवरलं आणि मी एकतीस नंबरचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. नाव नाही, गाव नाही. स्त्री. आजारी माणसाच्या खोलीतच झोपत असे, अकरा महिने. रक्ताची चाचणी दोनदा, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मी तो कागद घेऊन जिन्यात जाऊन बसले. ती चाचणी जंतू शोधत नाही. ती शरीराला विचारते, हा तुझ्या ओळखीचा आहे का. ज्याच्या शरीराला त्याच्याशी पुढे लढावं लागलं, तो हो म्हणतो. ज्याने त्याला दारातच संपवलं, त्याला ओळख ठेवायचं कारणच पडत नाही. हे मला ठाऊक होतं. अशी माणसं असतात हे मी शिकले आहे, त्याच कामाचा पगार घेते. तरीही आई क्षयाने गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मी ते तुझ्याबाबतीत विसरले.

त्या दिवशी तू चुलीपाशी होतीस. घरातली वडीलधारी उवा कोकोम पाहुण्यांना द्यायच्या टोपल्यांत केळीची पानं घालत होती, चुलत्यांकडच्या बायका भात भरत होत्या. चाचण्यांचे कागद त्याच सकाळी आले होते. मला लागण निघाली होती, तुला नाही. तुझी तर दोनदा केली होती. उवा सहज म्हणाली, "बघ, देवानं इमासला राखलं." आणि मी, शिकलेली, शहरातून आलेली, म्हणाले, देवाने कशाला, अंतराने राखलं. जवळ गेली असती तर निघालं असतं. मी पंधरा दिवसांनी एकदा यायचे, तरी मला लागलं. चाचणी खोटं बोलत नाही. उवाच्या हातातलं पान तसंच राहिलं. तू डाव खाली ठेवलास आणि मागच्या दाराने तळ्याकडे गेलीस. मला वाटलं, अपराधी वाटलं म्हणून गेली. हेही मी बघितलं नव्हतं, ठरवलंच होतं. नंतर बायका तुला काय काय बोलल्या, ते मांग उजांगकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. चौदा महिने आईपासून लांब राहिली आणि शेवटी रडायला आली. पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं म्हणे, आमच्या आजारपणात इमासला बोलवू नका, ती लांबून पाणी देते. ते शब्द त्यांचे असतील, पण धागा मी दिला. माझ्या कागदावर त्यांचा विश्वास होता. आणि मला लागण आईकडूनच झाली, असं तरी कुठे लिहिलं होतं? या शहरातल्या कुठल्याही भरलेल्या अंकोत-गाडीत, गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर ती होऊ शकते. तीन महिने गोळ्या घेताना प्रत्येक गोळीबरोबर मी स्वतःला सांगत राहिले की आईजवळ मी होते, याचा हा पुरावा. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या माणसाला तसा पुरावा लागत असावा.

तू म्हणशील, आता एका परक्या बाईच्या रक्तातून तुला हे दिसलं. एकतीस नंबर तू नाहीस. तुझं रक्त या कामासाठी कुणी घेतलेलंच नाही. तुझ्यात तोच दुवा निराळा असेल, दुसरंच काही असेल, किंवा नशीबही असेल. ते मला शोधायचं नाही, आणि तुझ्याकडे रक्तही मागायचं नाही. काल जिन्यात बसले तेव्हा मला आठवला तो ताडगुळाचा खडा. औषधाच्या चौदा गोळ्या, आणि आई त्या घेईना. तू तिच्या खाटेच्या काठावर बसायचीस, तिला टेकून. खडा तिच्या दातांत द्यायचीस. ती अर्धा तोडायची आणि उरलेला तुझ्या तोंडात घालायची. म्हणायची, "कडू आपण दोघींनी वाटून घेऊ." मग गोळी. मग पुन्हा खडा. चौदा वेळा. तिला मध्येच खोकला यायचा, तू मान फिरवायची नाहीस. मी दारात उभी राहून हे बघितलं, एकदा नाही, येईन तेव्हा. आणि तुझ्यावर ओरडले होते, इतकी चिकटून बसतेस, उद्या तुलाही लागेल, मग मी दोघींना कुठे नेऊ? तू म्हणाली होतीस, "तेतेह, लागायचं असतं तर आत्तापर्यंत लागलं असतं. तू चहा घे." तुझी चटई तिच्या खाटेला लागून असायची, तिचा एक हात खाली तुझ्या केसांवर. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यासाठी मला भिंगही नको होतं, लाल रंगही नको होता. कागद आला आणि मी बघितलेलं खोडून कागद ठेवला. रेघ मारायची सवय मला एकतीस नंबरवर लागली नाही. त्याआधीच लागली होती.

म्हणून हे पत्र. हजाराव्या दिवसाला मी येऊ का, हे विचारायला लिहिलेलं नाही. ते तू मांग उजांगला सांग, तुला वाटेल तेव्हा आणि वाटेल ते. तो गुरुवारी रिकाम्या हाताने आला तर मी इथेच बसून आईसाठी कुराण वाचेन, आणि तू तुझ्याच घरात राहशील. तुला कुठे जावं लागू नये. फक्त तुझं उत्तर येण्याआधी एक गोष्ट करून टाकली आहे, तुला विचारलं नाही. त्यावर रागव. या पत्राबरोबर मांग उजांगकडे दुसरंही एक पाकीट दिलं आहे, उवा कोकोमच्या नावाचं. तिला सांगितलं आहे की हजाराव्या दिवशी टोपल्या भरताना, त्याच बायका बसलेल्या असताना, ते मोठ्याने वाचून दाखव. एकच पान आहे. त्यात कडी नाही, कोयंडा नाही, एकतीस नंबर नाही, कारण तुझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना माझ्या प्रयोगाची गरज पडू नये. त्यात गुळाचा खडा आहे, चौदा गोळ्या आहेत आणि आईच्या खाटेला लागून असलेली चटई आहे. खाली लिहिलं आहे, इमास जवळ होती, मी बघितलं होतं, आणि तरी मी तसं बोलले.

तुझीच,
एती